पुढच्या ब्रेकला दोघं लागतात

धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू झाला की आमच्या अड्याळमध्ये सकाळी आठलाच सामसूम होते. बायका डबे बांधून ट्रॉलीत बसून गेलेल्या असतात, माणसं त्यांच्याही आधी धानाच्या बांधीत पोचलेली असतात, आणि किराणावाला अर्धं शटर ओढून "आत्ता येतो पाणी पाहून" म्हणतो तो थेट संध्याकाळी दिसतो. गावात उरतात म्हातारेकोतारे, कोंबड्या, बाजाराच्या रस्त्यावरचं आमचं गॅरेज, त्यात मी आणि खाटेवर मिस्त्री.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून लग्नानंतर मीही मिस्त्री म्हणू लागले, आणि तेच तोंडात बसलं ते बसलं. बँकेत एकदा साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं तर मी पटकन "मिस्त्री" म्हणाले होते. साहेब म्हणाले, "ते आडनाव झालं, नाव सांगा." आता काय सांगणार कप्पाळ!

यंदाचा रोवणा ऐन भरात आहे. टिनावर बारीक पाऊस वाजतो आहे, दारातून चिखलाचा वास आत येतो आणि आतल्या ब्रेक ऑइलच्या वासात मिसळतो. हे दोन वास एकत्र झाले की मला मागच्या वर्षीचा रोवणा आठवतो. आठवू नये असं फार वाटतं. पण वासाला कोण अडवणार?

रोवण्यात आमच्याकडे एक बिघाड ठरलेला असतो. पुण्यामुंबईच्या मिस्त्र्याला सांगितला तर तो हसेल. धानाची रोपं, म्हणजे आमच्या भाषेत पऱ्हे, एका बांधीतून उपटून दुसरीकडे न्यायचे असतात. त्यांच्या ओल्या जुड्या लोक मोटरसायकलच्या हँडलला दोन्हीकडून बांधतात. गाडी आहे की बैल, काही कळत नाही. बांधावर पोचलं की घाई असते, बायका वाकून उभ्या असतात, पऱ्हे मागत असतात. मग हा पठ्ठ्या विळा काढतो आणि जुडीची दोरी कापतो. दोरीवर चिखल, पुढच्या ब्रेकच्या पाइपावरही चिखल. दोरी समजून पाइपावर विळा चालतो. वरचं रबर चिरतं, त्या दिवशी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेल पाझरतं आणि ब्रेक दाबला की मूठ सरळ हँडलला टेकते. मग गाडी ढकलत आमच्याकडे.

"मिस्त्री, पाइप आपोआप फाटला जी!"

"आपोआप?" मिस्त्री चीर बघून म्हणायचे. "आपोआपले धार चांगली होती बाप्पा!"

हे मागच्याच्या मागच्या वर्षापर्यंत. तेव्हा मिस्त्री बोलत होते. म्हणजे तसे ते कमीच बोलायचे. गिऱ्हाइकाशी चार शब्द, गाडीशी आठ आणि माझ्याशी दोन. मी कुरकुरायची, "दगडासोबत लगन झालं माह्यं." देवानं ऐकलं म्हणायचं.

नवा पाइप बसवणं एकट्याचं काम आहे. जुना काढायचा, बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचे नवे वायसर, म्हणजे चकत्या, घालायचे, पाइप वरून खाली नेताना क्लचच्या केबलच्या मागून घ्यायचा, पुढून नाही. पुढून घेतला तर हँडल वळवलं की केबल त्याच्यावर घासते. त्याच्यात पीळ राहता कामा नये. मग हँडल पार डावीकडे, पार उजवीकडे वळवून बघायचं, गाडी पुढून दोनदा दाबून बघायची, पाइप कुठं ताणतो का, कुठं चिमटतो का. हे सगळं झालं तरी ब्रेक लागत नाही, कारण पाइपात हवा असते. ती हवा काढायला मात्र दोघं लागतात. एकानं वर मूठ दाबायची आणि दाबून धरायची. दुसऱ्यानं खाली चाकाशी बसून हवा सोडायची छोटी निपल अर्धा आटा उघडायची. तेलाबरोबर बुडबुडे येतात. निपल बंद झाल्यावरच वरच्यानं मूठ सोडायची. आधी सोडली की सगळी हवा परत आत.

गावात डिस्क ब्रेकच्या गाड्या आल्या तेव्हापासून वरची मूठ माझी होती. चुलीवर भात ठेवून मी यायची, पदर खोचायची आणि उभी राहायची. पहिल्या दिवशी मिस्त्री खालून म्हणाले, "दाब." दाबली. "धर." धरली. मग तोंडातल्या तोंडात म्हणाले, "सोड." मी सोडली. तेल त्यांच्या तोंडावर उडालं.

"अवं, सोडली काहून?"

"तुमीच म्हणलं ना सोड!"

"मी निपल सोडतो म्हणलं! तुले कोण सांगतलं सोडाले?"

अर्धा तास फुकट गेला. तेव्हापासून आमच्या घरात गाडीजवळ 'सोड' हा शब्द बंद झाला. दाब, धर आणि निपल बंद झाली की नुसतं "हं". पंधरा-सोळा वर्षं आमचा संसार या तीन शब्दांवर चालला म्हटलं तरी चालेल. कधी भांडण झालं, अबोला धरला, तरी गाडी आली की दाब म्हणावंच लागायचं आणि मला दाबावंच लागायचं. अबोला तिथंच मोडायचा. आम्ही दोघांनी एकमेकांची माफी कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

मागच्या वर्षी चैतात, सकाळी दात घासता घासता त्यांच्या हातातून ब्रश पडला. मी आतून ओरडले, "काय पाडलं?" उत्तर आलं नाही. बाहेर येऊन बघते तर ते नळाला धरून उभे, तोंड वाकडं, फेस गळ्यापर्यंत. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकाच वेळी गेली. आधी भंडारा, मग नागपूर. बावीस दिवसांनी घरी आलो. पाय पुढं फरफटत का होईना चालू लागला. हात नुसता लटकत राहिला. आणि बोलणं नाही ते नाहीच.

डॉक्टर चांगले होते, समजावून सांगत होते. म्हणाले, "त्यांना सगळं समजतं. बोलणं येईल की नाही, आज सांगता येत नाही. पहिल्या वर्षात आशा जास्त. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा."

बोलत राहा. सोपं आहे सांगायला. एक दिवस भिंतीशी बोलून बघा म्हणावं. मी बोलत राहिले. भाताला चटका लागला तर सांगितलं, शेजारची म्हैस व्याली तर सांगितलं, पुण्याहून मुलाचा फोन आला तर त्याचं बोलणं पुन्हा त्याच्याच सुरात करून दाखवलं. ते माझ्याकडे बघायचे आणि मग दाराबाहेर बघायचे. मला त्यांचा हात परत नको होता, गॅरेज चाललं नाही तरी चालणार होतं. त्यांनी एकदा माझ्याशी बोलावं, एवढं मला पाहिजे होतं. शिवी का देईनात, पण मला द्यावी.

मुलगा, नितीन, फोनवर म्हणायचा, "आई, बंद कर ना गॅरेज. इकडे या दोघं."

"तिसऱ्या मजल्यावर? तुह्या बाबाले रस्ता नाई दिसला तर मरतील थे."

त्याचंही खरं होतं. पण मिस्त्री दिवसभर खाटेवरून गॅरेजच्या बंद दाराकडे बघत, आणि ते बघणं मला बघवत नव्हतं. रोवणा लागला आणि एका सकाळी देवाजीभाऊ ढीवर गाडी ढकलत आले. तलावातल्या मासोळ्या धरून आसपासच्या गावांत विकायच्या, आणि रोवण्यात स्वतःच्या दोन बांध्यांत राबायचं, असं त्यांचं चालतं.

"वहिनी, पाइप कटला जी. पवनीचा बाजार हाय उद्या. कोणीच नाई गावात, सारे रोवण्यात."

"मिस्त्रीची हालत पाहता ना, भाऊ."

"तुमी करा ना. तुमी तं रोजच्या उभ्या राहात होत्या."

मी त्यांना हो कसं म्हणाले, कळलं नाही. ते गाडी टाकून बांधीकडे पळाले. मी खाट गॅरेजमध्ये ओढली, मिस्त्रींना तिच्यावर बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चाकाजवळ खाली बसले. इतकी वर्षं मी वरच्या टोकाला होते. खालून गाडी वेगळीच दिसते. चाकाच्या आऱ्यांत शेवाळ, गवत, एक मेलेला खेकडा. मिस्त्री रोज हेच बघत होते, आणि मी वर उभी राहून भात करपेल म्हणून त्यांच्यावर ओरडत होते.

पाइप लागला. वायसर नीट बसले, पीळ नव्हता. मग हवा काढायची वेळ आली आणि मी पाना हातात धरून तशीच बसून राहिले. वर कोण? रस्त्यावर जाऊन पाहिलं. इकडे कोणी नाही, तिकडे कोणी नाही. देवळाच्या ओट्यावर एक म्हातारी होती, तिला ऐकू येत नाही. भर सकाळी, एवढ्या मोठ्या गावात, एक मूठ दाबायला माणूस नाही! मी रडले नाही, चिडले. सगळ्या गावावर चिडले, धानावर चिडले.

मग मिस्त्रींना उठवलं. ब्रेकची मूठ उजवीकडे असते, त्यांचा चालणारा हात डावा. गाडीच्या पुढं उभं करून त्यांचा डावा हात मुठीवर ठेवला. मी म्हणाले, "दाबा." त्यांनी दाबली. "धरा." मी खाली बसून निपल उघडली आणि त्यांची बोटं सुटली. हवा आत. पुन्हा केलं, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा तर मी ओरडलेच, "अवो, धरा म्हणते ना! एवढं बी नाई होत?"

मी बोलून गेले. त्यांनी हात काढून घेतला, पाय ओढत खाटेपर्यंत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला त्या दिवशी काटे होते. मी माफी मागायला गेले तर त्यांनी डोळे मिटून घेतले. नेहमीसारखा अबोला असता तर गाडीनं मोडला असता. हा मोडायचा कसा?

शेवटी जुन्या ट्यूबची पट्टी कापली. मूठ दाबायची, पट्टीनं हँडलला करकचून बांधायची, खाली येऊन निपल उघडायची, बंद करायची, पुन्हा उठून पट्टी सोडायची. उठ-बस, उठ-बस, वीस-पंचवीस वेळा. गुडघे बोलायला लागले. दुपारी दोनच्या सुमारास मूठ घट्ट झाली, ब्रेक लागला. देवाजीभाऊ आले, चाक फिरवून पाहिलं, खूश झाले. "वा वहिनी! एकल्या?"

"हो जी," मी म्हणाले. "एकलीच."

तो अख्खा रोवणा मी तसंच केलं. गाड्या येत राहिल्या, रबराची पट्टी वर धरून राहिली. संध्याकाळी बायका चिखलानं भरलेल्या पायांनी परत यायच्या, त्यांचं हसणं रस्त्याच्या टोकापासून ऐकू यायचं. पाठ मोडली, कंबर गेली असं म्हणत म्हणत हसायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. रोवण्यात सगळ्या एका ओळीत वाकतात, एकीनं बोलणं टाकलं की दुसरी उचलते. मी दिवसभरात मोठ्यानं बोललेलं सगळं माझ्याकडेच परत यायचं. नवरा समोर बसलेला असताना बाईला एकटं वाटतं, हे कोणाला सांगितलं तर लोक म्हणतील, आहे ना डोळ्यांसमोर, अजून काय पाहिजे? मी कोणाला सांगितलं नाही.

आणि मग श्रावण संपता संपता ती गोष्ट झाली. एका गाडीला पाइप लावत होते, घाईत होते, तो केबलच्या पुढून घेतला. बोल्ट आवळायला लागले आणि मागून आवाज आला.

"उफराटा."

जाड, अडखळता, पण त्यांचाच. मी पाना टाकला. वळून पाहिलं तर ते खाटेवर ताठ बसलेले, नजर पाइपावर.

"काय म्हणलं? अवो, काय म्हणलं तुमी?" मी त्यांचे खांदे धरून हलवले. माझ्या हाताचं तेल त्यांच्या सदऱ्याला लागलं. ते नुसते पाइपाकडे बघत राहिले. पाइप उलटाच लागला होता; मी तो काढला, केबलच्या मागून घेतला. ते मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

नितीनला फोन केला. "बाबा बोलले! बाबा बोलले ना रे!" त्यानं फोन त्यांच्या कानाला लावायला सांगितला. पंधरा मिनिटं तो "बाबा, बाबा" करत राहिला. मिस्त्री गप्प. शेवटी तो हळूच म्हणाला, "आई, तुला भास झाला असेल. दमतेस तू फार." त्याच्या जागी मीही हेच म्हणाले असते. पण फोन ठेवल्यावर मला इतकं एकटं वाटलं, तसं नागपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पाइप मुद्दाम चुकीचा लावला. श्वास धरून बसले.

"उफराटा."

भास नव्हता. मग काय, माझा धंदाच झाला तो. प्रत्येक गाडीला पाइप आधी चुकीचा लावायचा, 'उफराटा' ऐकायचं आणि मग नीट करायचा. गिऱ्हाईक म्हणायचे, वहिनीचं काम बेस हाय पण वेळ लागते. त्यांना काय सांगणार! लोभ सुटला म्हणून मी दुसऱ्या गोष्टीही करून पाहिल्या. कप पालथा ठेवून त्यावर चहाची बशी ठेवली. पोलकं उलटं घालून त्यांच्यासमोर दोनदा फिरले, आतली शिवण बाहेर. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. शेजारीण मात्र पाहून गेली, आणि तिनं ते गावभर केलं. शब्द यायचा तो फक्त पाइपाला. माझ्या नवऱ्याजवळ जगात एकच शब्द उरला होता, आणि तो माझा नव्हता. मी एका रबरी नळीवर जळत होते, हसा खुशाल.

धान कापला, चुरला, घरात आला. थंडी गेली. चैत आला आणि डॉक्टरांचं ते पहिलं वर्ष संपलं. त्या दिवशी मी काही केलं नाही, फक्त संध्याकाळी त्यांची दाढी करताना म्हणाले, "झालं वर्ष, मिस्त्री." त्यांनी हनुवटी वर केली, वस्तऱ्यासाठी. एवढंच.

आता पुन्हा रोवणा आला आहे. परवा सकाळी एक गाडी आली, नवीच, पाइपाला विळ्याची लखलखीत चीर. मालक बांधीकडे गेला. मी नेहमीप्रमाणे पाइप केबलच्या पुढून घेतला आणि वाट बघत बसले.

काही नाही.

वळून पाहिलं. जागे होते, बघत होते. पण बोलले नाहीत. तोही एक शब्द गेला की काय? पाइप काढला, पुन्हा लावला, पुन्हा पुढूनच. गप्प. तिसऱ्यांदा लावला, आणि या वेळी पीळही घातला, साखळदंडासारखा. एखाद्या आंधळ्यालाही दिसला असता. पाऊस थांबला होता, टिनावरून एकेक थेंब पडत होता. मी तशीच खाली बसले होते, पाना मांडीवर, आणि सरळ रडायला लागले. लपवायचं कोणापासून?

खाट करकरली. ते उठले. पाय ओढत, एकदा भिंतीला, एकदा गाडीच्या सीटला धरत माझ्यापर्यंत आले. डाव्या हातानं हँडल धरून उभे राहिले. मला वाटलं आता पाइपाकडे बघतील. नाही बघितलं. वाकले आणि माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ. सोळा वर्षं हे काम बघितलेली बाई एकच पाइप तीनदा चुकवते, वर्षभर प्रत्येक गाडीला चुकवते, हे मिस्त्रीला कळणार नाही होय? त्यांच्या ओठाचा डावा कोपरा हलला.

"उफराटी," ते म्हणाले.

पाइपाला कोणी उफराटी म्हणत नाही.